पाणी बघून बोट निवड

बेटा,

रिमोटवर पाण्यात चालणारं जहाजाचं मॉडेल बनवायचंय, हा तुझा निरोप चार वेळा वाचला. तीन जहाजांचे फोटो, प्रत्येकाखाली खर्चाचा अंदाज, आणि शेवटी तुझं ते वाक्य : "काका, मोठं जमणार नाही हे कळतं. म्हणून विशाखापट्टणम १:२०० मध्ये छोटीच करते, ती सोपी जाईल ना?" रात्री मला झोप लागली नाही. जहाजाचं नाव तेवढं वेगळं, पण हेच वाक्य मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्वतःशी बोललो होतो, आणि त्याला उत्तर देणारं भुसावळात तेव्हा कोणी भेटलं नाही.

सोपी जाणार नाही. छोटी केली म्हणून तर मुळीच नाही.

हिशेब करून बघ. आयएनएस विशाखापट्टणम ही नौदलाची विध्वंसक नौका, १६३ मीटर लांब, १७ मीटर रुंद, वजन सुमारे ७,४०० टन. १:२०० केली, म्हणजे दोनशे पट लहान केली, की लांबी येते ८१ सेंटिमीटर, रुंदी साडेआठ. इथपर्यंत तू आलीस आणि खूश झालीस. पण वजन २०० ने भागायचं नसतं, २०० च्या घनाने भागायचं असतं, म्हणजे ८० लाखांनी. ७४ लाख किलो भागिले ८० लाख. हातात किती राहिले? ९२५ ग्रॅम. सांगाडा, प्रोपेलर फिरवणारे दोन शाफ्ट, मोटर, सुकाणू वळवणारा सर्व्हो, रिमोटचे संकेत घेणारा रिसीव्हर, बॅटरी, डेक, तो उंच मनोरा, रंगाचे तीन हात, सगळं एक किलोच्या आत बसलं तर ती तिच्या खऱ्या पाणरेषेवर तरंगेल. आणि साडेआठ सेंटिमीटर रुंदीत तुझा पंजासुद्धा आत जात नाही. आतला स्क्रू ढिला झाला तर आवळणार कशी?

माझी आई धुळ्याकडची. तापी ओलांडायची वेळ आली की पदर खोचायची आणि मागे वळून आम्हाला सांगायची, "पानी देखीसन पाय टाक, भाऊ." एवढं एकच वाक्य तुझ्या पदरात टाकायचं आहे. पाणी बघून बोट निवड. जहाजांचे फोटो बाजूला ठेव आणि मला सांग, तुझं पाणी कोणतं?

मी ते बघितलं नव्हतं. १९७१ च्या युद्धात रेडिओवर विमानवाहू विक्रांतचं नाव यायचं, तेव्हा मी शाळेत होतो. बंगालच्या उपसागरातून तिची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर गेली, हे ऐकून आम्ही पोरं ओट्यावर नाचलो होतो. १९९७ च्या जानेवारीत ती नौदलातून निवृत्त झाली आणि त्याच वर्षी मी कागदावर पहिली रेघ मारली. लोको शेडमध्ये फिटर होतो, हाताला काम ठाऊक होतं, कुणाला विचारायची गरज वाटली नाही. १:२०० चंच माप धरलं. खरी विक्रांत १९,५०० टनांची, म्हणजे माझी अडीच किलोच्या आत यायला हवी होती. माझी चार किलोच्या वर गेली, कारण उड्डाणाचा डेक मी जाड प्लायवूडचा केला, आणि तो सगळ्यात वर.

सहा वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं विमानांवर गेली. सी हॉकचं एक विमान सहा सेंटिमीटरचं. पत्रा कानशीने घासून पंखांची घडी जमेपर्यंत महिना जायचा. त्या दोन वर्षांत हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, एकदाही पाण्याला लागला नव्हता. घरात सिमेंटचा हौद, रोज पहाटे भरायचा, आणि मी चार पावलांवर बसून विमानांना नंबर रंगवत होतो.

जळगावला मेहरूण तलावावर नेली. फेब्रुवारीतला रविवार होता. सरळ गेली तोवर छान गेली. सुकाणू वळवलं, ती बाहेरच्या बाजूला कलली, डेकची कड पाण्याला टेकली, आणि मग परत आली नाही. तळ वर झाला तेव्हा प्रोपेलर हवेत फिरत होता. मासेमारी करणाऱ्या एका भावाने जाळ्याने काढून दिली. अकरा विमानांपैकी तीन मिळाली.

घरचे अजून म्हणतात, त्या सहा वर्षांत मुलीच्या शाळेचं एकही स्नेहसंमेलन मी पाहिलं नाही. खरं आहे. तेही माझ्या खात्यावर आहे. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दोन तास स्वतःचं काहीतरी लागतं, आणि ते दोन तास मी दारूत किंवा पत्त्यांत घातले नाहीत, एवढं मी आजही ठासून सांगतो. मला वाईट वाटतं ते त्या तासांचं नाही. ते तास पाणी न बघता घालवले, त्याचं वाटतं. हौदात एक दिवस हल टाकला असता तर पाच वर्षं वाचली असती, आणि एखादं संमेलनही बघून झालं असतं.

आता तुझा तिसरा फोटो. टग. त्याच्याखाली तू लिहिलंस, "हे सोपं आहे पण याला कोण विचारतं?" हे वाचून मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. तू रेल्वेच्या गावात वाढलीस. कसाऱ्याच्या घाटात गाडी चढते तेव्हा मागून बँकर इंजिन लागतं. प्रवाशांना ते दिसत नाही, त्याचा फोटो कोणी काढत नाही, पण त्याच्याशिवाय गाडी इगतपुरीला पोचायची नाही. मोठं जहाज बंदरात शिरलं की त्याचंही तसंच होतं. कमी वेगात त्याचं सुकाणू नीट लागत नाही, तेव्हा टग त्याला ढकलून, ओढून धक्क्याला लावते. तुझ्या विशाखापट्टणमलासुद्धा टगच लावते. कोण विचारतं म्हणे!

टगचा हिशेब बघ. बंदरातली साधी टग धर, ३० मीटर लांब, १० मीटर रुंद, ५०० टन. १:४० केली की ७५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, आणि वजन मिळतं पावणेआठ किलो. लांबी विध्वंसक नौकेपेक्षा कमी, आणि वजनाची मुभा आठपट. बॅटरी हलकी शोधावी लागत नाही; यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी घे. ती दोन किलोच्या वर भरते. तळाशी ठेवली की तीच बोटीचं बूड धरते. प्रवासात काढून पिशवीत घेता येते. डेकवरची केबिन अख्खी उचलून बाजूला ठेवता येते आणि दोन्ही हात आत जातात. पहिल्या बोटीत तुला आत हात घालावा लागणार आहे, माय, पन्नास वेळा.

वेगाचं म्हणशील तर तिथेही तू फसतेस. मॉडेल खऱ्यासारखं चालताना दिसायचं असेल तर खरा वेग मापाच्या वर्गमुळाने भागायचा. ३० नॉटची युद्धनौका १:२०० मध्ये साधारण दोन नॉटने चालली की शोभते. १२ नॉटची टग १:४० मध्ये? तीही दोनच्या आसपास. म्हणजे सेकंदाला एक मीटर, काठाने चालणाऱ्या माणसाची चाल. मग त्या निमुळत्या हलसाठी एवढा जीव कशाला काढायचा?

तुझ्या फोटोतल्या टायटॅनिकबद्दल दोनच ओळी. २६९ मीटरचं जहाज १:२०० मध्ये १३४ सेंटिमीटर होतं, ते तुझ्या स्कूटीवर बसत नाही, आणि चार मजली घर डोक्यावर घेऊन ते वाऱ्यात उभं राहणार. नको.

पाण्याकडे परत येतो, कारण तिथून तू दोनदा निसटलीस. खानदेशात आपल्याला तीन प्रकारचं पाणी मिळतं. मेहरूणसारखा तलाव, हतनूर धरणाचं बॅकवॉटर, आणि मळ्यातलं शेततळं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमापाशी उभी राहून बघ, दुपारी वारा सुटला की साडेसात सेंटिमीटरची लाट सहज उठते. आपल्याला ती लाट वाटतही नाही. १:२०० च्या नौकेला ती १५ मीटरची आहे. १:४० च्या टगला ३ मीटरची. जहाज लहान करता येतं, लाट लहान करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये वावधन सुटतं तेव्हा तर केळीचे बाग आडवे होतात, तिथे बोटीचं काय घेऊन बसलीस. म्हणून हिवाळा, सकाळी नवाच्या आत, आणि तुमच्या मळ्यातलं शेततळं. ते पाणी तुझं. त्याला जलपर्णी नाही, प्रोपेलरला शेवाळ गुंडाळत नाही, चारी काठ दिसतात.

पण त्या शेततळ्याचंच एक सांगायचं आहे आणि ते मी कधी कुणाला लिहून दिलेलं नाही.

विक्रांतनंतर मी टग केली, पाच महिन्यांत. एका ओळखीच्या मळ्यात चालवत होतो. मधोमध मोटर बंद पडली. शेजारचा मुलगा सोबत होता, चौदा वर्षांचा, पोहणारा. "काका, आणू का?" म्हणाला आणि मी म्हटलं, "आण." बोट त्याने काठापर्यंत ढकलत आणली. वर यायला लागला आणि येता येईना. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, बोटं रुतवायला जागा नसते, उतार सगळीकडून सारखा. तो घसरायचा, परत यायचा, परत घसरायचा. मी रिमोट हातात धरून उभा. मग पळत जाऊन ठिबकची नळी उपटून आणली, दुहेरी करून टाकली आणि ओढलं. त्याचे गुडघे सोलले होते. संध्याकाळी मी स्वतः जाऊन त्याच्या आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. चहा ठेवला.

बोटीमागे पाण्यात उतरायचं नाही. तू नाही, तुझा भाऊ नाही, मळ्यातला सालदार नाही. काठाला गाठी मारलेला दोर आधी बांधायचा, मग बोट पिशवीतून काढायची. बंद पडली तर गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांध, बोटीच्या पलीकडे फेक, आणि दोरी तिच्यावरून हळूहळू ओढत आण. ते जमलं नाही तर वारा तिला काठाला लावेपर्यंत बसून राहा. अंधार पडला तर घरी जा. पाणी बघ म्हणतो त्यात पाण्याचा काठही आला, बेटा.

बांधणीचं फार सांगत नाही, तू डिप्लोमावाली आहेस, वाचून करशील. दोन गोष्टी मात्र माझ्या पद्धतीनेच कर.

पहिली, शाफ्ट. पितळी नळी, आत स्टीलचा शाफ्ट, ग्रीस भरलेलं. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. दोघांना जोडणारं कपलिंग लावलंय म्हणून वाकडं चालेल असं समजू नकोस. मोटरचे स्क्रू अर्धे आवळ, शाफ्ट बोटांनी फिरव. कुठेही अडता कामा नये. मग एक-एक स्क्रू थोडा थोडा आवळत जा, प्रत्येक वेळी परत फिरव. कुठला स्क्रू आवळल्यावर जड झाला ते बोटांना कळतं. त्या स्क्रूखाली पातळ पत्र्याची चकती घाल. शेवटी नळीला कान लावून मोटर चालव. खरखर आली तर पुन्हा सुरुवातीपासून. मला या कामाला दोन दिवस लागतात आणि मी ते आनंदाने देतो.

दुसरी, रेझिन, म्हणजे कालवल्यावर कडक होणारा चिकट द्रव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी रेझिन कालवू नकोस. मी कालवलं होतं, एकदम पाव किलो. ब्रश बुडवायच्या आत कप हातात तापला, धूर निघाला आणि आतला गोळा दगड झाला. पहाटे कालवायचं, थोडं थोडं, पसरट भांड्यात.

रेडिओचं सोपं आहे. दोन चॅनल पुरेत, एक सुकाणूला, एक मोटरला. २.४ गिगाहर्ट्‌झचे संकेत पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची तार पाणरेषेच्या वर, केबिनमध्ये उभी कर.

आणि हल तयार झाला की थांब. रंग नाही, केबिन नाही, कठडे नाहीत. बॅटरी आणि मोटर आत ठेव, वरच्या कामाच्या वजनाएवढी वाळूची पिशवी डेकवर ठेव, आणि हौदात सोड. एका कडेला बोटाने दाब आणि सोड. चटकन उसळून सरळ झाली तर बरं. आळसावल्यासारखी सावकाश वर आली तर वरचं वजन जास्त आहे, कमी कर. मग आत एक पेला पाणी ओतून परत दाब. ते पाणी पळत खालच्या बाजूला जातं आणि बोटीला आणखी ओढतं. एकदा ते डोळ्यांनी बघितलंस की आत पडदे का घालायचे ते मला सांगावं लागणार नाही.

विशाखापट्टणम कर. जरूर कर. टगनंतर, १:१०० मध्ये, तेव्हा तिला ७ किलो ४०० ग्रॅम मिळतील आणि तुझे हात आत जातील. त्या वेळी मी असलो तर शाफ्ट मी लावून देईन, आणि ते काम मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.

दिवाळीनंतर ये. टगचा आराखडा मी १:४० मध्ये काढायला घेतला आहे, फ्रेम कापायला जाड कागदावर उतरवून देतो. हल झाला की रंग न लावता तसाच पोत्यात गुंडाळून आण. काकूंना सांगून ठेवलंय, त्या दिवशी हौद धुणार नाही, काठोकाठ भरलेला असेल.

तुझा,
काका