शुगरबीटची 'डबल हॅप्लॉइड' रोपे विकत घ्यावीत का?

प्रश्न (उमरेड तालुका, जि. नागपूर): गावात एक जण डबल हॅप्लॉइड शुगरबीटची रोपे विकतोय. एकदा लावा, पुढे दरवर्षी घरचेच बी वापरा, असे सांगतो. घ्यावीत का?

उत्तर: भाऊ, घेऊ नका. तंत्र खरे आहे, पण ते पैदासकाराच्या, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याच्या, प्रयोगशाळेतले आहे.

शुगरबीट म्हणजे साखर काढायचे बीट. त्याच्या पेशीत 18 गुणसूत्रे (आईबापाचे गुण वाहून आणणारे धागे) असतात, 9 आईकडून आणि 9 बापाकडून. संकरित बियाण्यासाठी शुद्ध, म्हणजे पिढ्यान्पिढ्या गुण न बदलणारे, मायबाप वाण लागतात. बीट पहिल्या हंगामात कंद धरते आणि थंडी खाल्ल्यावरच फुलते. त्यात बरीच झाडे स्वतःचे परागकण स्वीकारत नाहीत. म्हणून पिढ्यान्पिढ्या स्वपरागण करून शुद्ध वाण काढायला कित्येक वर्षे जातात.

हा वेळ वाचवण्यासाठी न उमललेली कळी सूक्ष्मदर्शकाखाली उघडून, परागण होण्याआधीच बीजांड (ज्याचे पुढे बी होते तो भाग) सुईने अलगद काढतात आणि पोषक माध्यमावर ठेवतात. बहुतेक बीजांडे वाया जातात. एखाद्यातून काही आठवड्यांनी बारीकसा कोंब येतो. त्या रोपात 9 च गुणसूत्रे असतात, म्हणजे ते हॅप्लॉइड. ते नाजूक असते आणि बी धरत नाही. मग कोल्चिसीन नावाचे रसायन देऊन गुणसूत्रे दुप्पट करतात. पुन्हा 18 होतात, पण दोन्ही संच अगदी सारखे. हेच डबल हॅप्लॉइड, म्हणजे झटपट मिळालेला शुद्ध वाण. प्रत्येक रोपात हे साधत नाही, म्हणून पेशींतला डीएनए मोजून खात्री करावी लागते. कोल्चिसीन जहाल विष आहे. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही तेच असते, तेव्हा घरी प्रयोग अजिबात नको.

असे शुद्ध वाण एकटे लावले तर सहसा जोम कमी आणि कंद लहान. असे दोन निवडक वाण एकमेकांशी जुळवतात तेव्हा संकरित बियाणे मिळते, आणि त्याचे घरी धरलेले बी लावले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, पीक एकसारखे राहत नाही. मुळात आपल्याकडे बी धरणेच अवघड. फुलोऱ्यासाठी 4 ते 8 अंश तापमान दोन-तीन महिने सलग लागते. नागपूरची थंडी तेवढी टिकत नाही. देशात बीटचे बी हिमालयाच्या डोंगराळ भागात घेतात ते त्यामुळेच.

बीट लावायचेच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सरी-वरंब्यावर, निचऱ्याच्या जमिनीत लावा. काळ्या जमिनीत पाणी साचले की कंद कुजतो. त्याआधी खरेदीची लेखी हमी घ्या. उसाच्या चरकात बीट चालत नाही, काप करून गरम पाण्यात साखर उतरवणारी वेगळी यंत्रणा लागते. जवळपास तशी यंत्रणा असलेला खरेदीदार नसेल, तर सध्या हे पीक धरू नका.