नव्या स्टेडियमची वाट पाहताना: उद्घाटनाचा दिवस की पहिला हंगाम?

आपण लास वेगासला राहता, 2028 मध्ये तिथे ॲथलेटिक्स संघाचे नवे बेसबॉल स्टेडियम उघडायचे आहे आणि आपली अकरा वर्षांची मुलगी आतापासूनच दिवस मोजते आहे. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. उद्घाटनाच्या सामन्याची तिकिटे कितीही महाग असली तरी घ्यावीत का, आणि ऑकलंडहून वेगासला येऊन राहिलेले आपले शेजारी हा विषय निघाला की गप्प का होतात. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो आणि मेट्स संघाचा चाहता आहे. 2009 च्या एप्रिलमध्ये आमच्या एकाच शहरात तीन दिवसांच्या अंतराने दोन नवी स्टेडियमे उघडली, त्या काळात जे पाहिले त्यावरून उत्तर देतो. माझे मत आधीच सांगतो: उद्घाटनाच्या एका तिकिटाला जे पैसे पडतील त्यांत पहिल्या हंगामातील दहा-बारा साधे सामने पाहावेत, कारण नवे मैदान कसे आहे हे एका दिवसात कळत नाही.

मेट्सचे नवे घर, म्हणजे सिटी फील्ड, जुन्या शे स्टेडियमच्या वाहनतळावर उभे राहिले. त्यामुळे 2007 आणि 2008 या दोन्ही हंगामांत आम्ही जुन्या स्टेडियममध्ये बसून सामना पाहत असू आणि आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागाच्या, भिंतीपलीकडे नव्याचा पोलादी सांगाडा दर खेपेला थोडा उंच झालेला दिसे. 7 क्रमांकाच्या गाडीतून उतरताना लोक आधी तिकडे पाहत आणि मग फलाटाचा जिना उतरत. वाट पाहण्यातला तो आनंद खरा होता आणि आपल्या मुलीचाही तसाच खरा आहे, त्याला आवर घालायला मी मुळीच सांगणार नाही. शे स्टेडियम 1964 मध्ये बांधलेले होते, लागार्डिया विमानतळाची विमाने डोक्यावरून इतक्या मोठ्या आवाजात जात की बोलणे थांबवावे लागे, आणि त्याला सुंदर म्हणणारा माणूस मला कधी भेटला नाही. तरीही 28 सप्टेंबर 2008 रोजी तिथला शेवटचा सामना मेट्स फ्लोरिडा मार्लिन्सकडून 4-2 असा हरले, त्याच पराभवाने बाद फेरीची संधीही गेली, आणि तरी समारोपासाठी हजारो लोक थांबून राहिले. मेट्सचा जुना नामवंत खेळाडू टॉम सीव्हर याने तसाच दुसरा, माइक पियाझा, याच्याकडे शेवटचा चेंडू टाकला आणि ते दोघे सेंटर फील्डच्या दारातून बाहेर गेले. पुढच्या वर्षी 13 एप्रिलला सिटी फील्डमध्ये पहिला मानाचा चेंडू टाकणारा सीव्हर होता आणि झेलणारा पियाझाच होता. ज्यांनी हे ठरवले त्यांना चाहत्यांचे मन कळले होते.

मात्र त्या दिवशीचा खेळ पाहा. सॅन डिएगो पाड्रेसचा जोडी गेरट पहिलाच फलंदाज म्हणून आला आणि नव्या स्टेडियममधील पहिल्यावहिल्या डावाची सुरुवात त्याने होम रनने, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे मारून, केली. बेसबॉलच्या इतिहासात तोवर कोणत्याही नव्या मैदानाची सुरुवात अशी झालेली नव्हती. आम्ही 6-5 असे हरलो. तीन दिवसांनी ब्रॉन्क्समध्ये यांकीज संघाने आपले नवे स्टेडियम उघडले. यांकीजचा दिग्गज फलंदाज बेब रूथ याने 1923 मध्ये जुन्या यांकी स्टेडियममधला पहिला होम रन ज्या बॅटने मारला होता, ती होम प्लेटवर, म्हणजे फलंदाज जिच्या बाजूला उभा राहतो त्या पाटीवर, ठेवून मानवंदना दिली, आणि क्लीव्हलंडने त्यांना 10-2 असे हरवले. दोन्ही उद्घाटनांची तिकिटे घेणाऱ्यांनी सोहळे पाहिले, पण मैदान कसे खेळते हे त्यांना त्या दिवशी कळले नसणार.

मैदान ‘खेळते’ म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांच्या नजरेतून ते सहज सुटते. बेसबॉलमध्ये आतल्या चौकोनाची मापे नियमाने बांधलेली असतात, दोन बेसमधले (धावताना गाठायच्या ठाण्यांमधले) अंतर 90 फूट आणि पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, होम प्लेटपर्यंतचे 60 फूट 6 इंच. बाहेरची भिंत किती दूर, किती उंच आणि कशी वळलेली असावी याबाबत मात्र बरीच मोकळीक असते. त्यामुळे एका स्टेडियममध्ये साधा झेल ठरणारा फटका दुसऱ्यात होम रन होतो. शे स्टेडियम दोन्ही बाजूंनी सारखे होते. सिटी फील्डच्या भिंती वेड्यावाकड्या होत्या, डावीकडची तर 16 फूट उंच होती. आमच्या डेव्हिड राइटने 2008 मध्ये 33 होम रन मारले होते, ते 2009 मध्ये 10 वर आले. इतक्या घसरणीचे सगळे खापर भिंतीवर फोडता येणार नाही, पण त्या वर्षी भिंतीवर आदळून परतलेले चेंडू मी स्वतः पाहिले आहेत. शेवटी 2012 च्या हंगामासाठी भिंती आत घेतल्या, डावीकडच्या भिंतीची उंची 8 फुटांवर आणली आणि काळा रंग काढून संघाचा निळा रंग दिला. यांकीजकडे नेमके उलटे घडले. नव्या मैदानावरच्या पहिल्या चार सामन्यांतच 20 होम रन झाले, आणि त्यांपैकी एका सामन्यात क्लीव्हलंडने नऊ डावांपैकी दुसऱ्या एकाच डावात 14 धावा करून 22-4 असा विजय मिळवला. लोक वाऱ्याला दोष देऊ लागले. वास्तविक भिंतीच्या टोकांची अंतरे जुन्याइतकीच ठेवली होती, पण उजवीकडची भिंत जुन्यापेक्षा सरळ आणि ठेंगणी होती, आणि तेवढ्याने खेळ बदलला. हे सगळे हळूहळू उलगडत जाते. आपल्या मुलीला बेसबॉल मनापासून आवडत असेल तर कोणत्या कोपऱ्यात चेंडू कसा उसळतो आणि कोणत्या पिचरला हे मैदान मानवते, हे पहिल्या वर्षी सगळ्यांच्या बरोबरीने शोधून काढण्यातच खरी मौज आहे. त्या वर्षी जुन्या चाहत्यालाही तिच्याहून अधिक काही ठाऊक नसेल.

आता पैशांविषयी, कारण आपला प्रश्न मुळात तोच आहे. नव्या स्टेडियममध्ये खुर्च्या जुन्यापेक्षा कमी असतात हे चाहत्यांच्या उशिरा लक्षात येते. शेमध्ये सुमारे 57,000 माणसे मावत, सिटी फील्डमध्ये सुमारे 42,000. वेगासच्या स्टेडियमची क्षमता 33,000 सांगितली आहे, त्यातही काही जागा उभ्याने पाहण्याच्या आहेत. खुर्च्या कमी केल्या की दर चढे ठेवता येतात आणि स्वस्त तिकिटे आधी आटतात. पण दर नेहमी चढेच राहतात असेही नाही. यांकीजने मैदानालगतच्या काही खुर्च्यांची किंमत एका सामन्याला 2,500 डॉलर ठेवली होती. त्या रिकाम्या खुर्च्या दूरचित्रवाणीवर रोज ठळक दिसू लागल्या, तेव्हा स्टेडियम उघडून महिना होण्याच्या आत त्यांपैकी काहींची किंमत निम्म्यावर आणावी लागली. म्हणून घाईने संपूर्ण हंगामाचे तिकीट घेऊ नका. घरच्या मैदानावर 81 सामने होतात आणि नोकरी व शाळा सांभाळून एका कुटुंबाला तेवढे पाहणे शक्य नाही. आम्ही चार मराठी कुटुंबांनी मिळून वीस सामन्यांची दोन तिकिटे घेतली होती आणि दर महिन्याच्या सुरुवातीला एकाच्या घरी जेवायला जमून ती वाटून घेत असू. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही आणि मुलांना एकमेकांची सोबतही मिळाली. खुर्ची निवडताना नकाशावर विसंबू नका. सिटी फील्डच्या वरच्या मजल्यावरील काही जागांवरून आउटफिल्डचा एखादा कोपरा दिसत नाही, अशी तक्रार पहिल्या वर्षी अनेकांनी केली होती. आधी सुटे तिकीट काढून दोन-तीन वेगवेगळ्या बाजूंना बसून पाहा.

नवे स्टेडियम आपले वाटण्याबाबतही पहिल्या वर्षी आमचा हिरमोड झाला होता. सिटी फील्डचा दर्शनी भाग ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाच्या जुन्या एबेट्स फील्ड या मैदानासारखा आहे आणि प्रवेशद्वारी जॅकी रॉबिन्सनच्या, म्हणजे आधुनिक काळातील मेजर लीगच्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या, नावाचे भव्य दालन आहे. रॉबिन्सनबद्दल आम्हा सर्वांना आदरच आहे, पण तो डॉजर्सचा खेळाडू होता आणि डॉजर्स 1957 नंतर लॉस एंजेलिसला निघून गेले. मेट्सच्या स्वतःच्या आठवणी मात्र त्या इमारतीत शोधाव्या लागत. चाहत्यांनी हे उघडपणे आणि सातत्याने सांगितले, तेव्हा 2010 मध्ये मेट्सचे संग्रहालय आले आणि आउटफिल्डमागच्या पुलाला शेचे नाव मिळाले. म्हणून आपल्या स्टेडियममध्ये पहिल्या वर्षी काही खटकले तर ते लिहून कळवा. चाहत्यांनी बोलत राहिल्यामुळे बदल होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्यापुरते ते मैदान खऱ्या अर्थाने घरचे झाले ते बेसबॉलमुळे नव्हे, 7 नोव्हेंबर 2015 रोजी, जेव्हा सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांचे संघ तिथे क्रिकेट खेळले. बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवली होती, सीमारेषा कमालीच्या जवळ होत्या, आणि ज्या जिन्यावर एरवी इंग्रजी व स्पॅनिश ऐकू येते तिथे त्या दिवशी मराठी ऐकू येत होती.

राहिले आपले शेजारी. त्यांची गोष्ट आमच्यापेक्षा वेगळी आहे आणि ती समजून घ्यायला हवी. आमचे जुने मैदान गेले, पण संघ गल्लीपलीकडे गेला. त्यांचा संघच गेला. ॲथलेटिक्स 1968 मध्ये ऑकलंडला आले, तिथे त्यांनी 1972, 1973, 1974 आणि 1989 अशी चार विजेतेपदे मिळवली, आणि 26 सप्टेंबर 2024 रोजी ऑकलंड कोलिझियममधला शेवटचा सामना टेक्सास रेंजर्सविरुद्ध 3-2 असा जिंकून ते बाहेर पडले. त्या दिवशी 46,889 प्रेक्षक आले होते. सध्या 2025 पासून ते वेस्ट सॅक्रामेंटोच्या लहान मैदानावर, नावात कोणत्याही शहराचा उल्लेख न करता खेळत आहेत. वेगासच्या स्टेडियमसाठी नेवाडाच्या विधिमंडळाने 2023 मध्ये 38 कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला, आणि ऑकलंडच्या माणसाला हा आकडाही बोचतो, कारण असेच काही आपल्या शहरात जमले असते तर संघ राहिला असता असे त्याला वाटते. ब्रुकलिनमध्ये 1957 च्या आठवणीने डोळे भरून येणारे वृद्ध मी 2009 मध्येही पाहिले आहेत. तेव्हा नव्या स्टेडियमची चित्रे त्यांना उत्साहाने दाखवू नका, आणि त्यांनी आनंद मानावा असा आग्रहही धरू नका. ते कोलिझियममध्ये कुठे बसत, पहिला सामना कोणाबरोबर पाहिला, हे मुलीला विचारू द्या.

2028 पर्यंत थांबण्याचीही गरज नाही. समरलिनमध्ये 2019 पासून लास वेगास बॉलपार्क आहे, तिथे ॲथलेटिक्सचाच ट्रिपल-ए (मुख्य लीगच्या एक पायरी खालचा) संघ, एव्हिएटर्स, खेळतो. उद्या मोठ्या मैदानावर दिसणारे काही खेळाडू तिथे जवळून पाहता येतात. येत्या उन्हाळ्यात एखाद्या संध्याकाळी तीन तिकिटे काढा, तिसरे शेजाऱ्यांसाठी, आणि मुलीच्या हातात सामन्याचे गुणपत्रक (स्कोअरकार्ड) व पेन्सिल द्या. गुणपत्रक कसे भरायचे हे तिला शिकवायला त्यांच्याइतका योग्य माणूस आपल्या गल्लीत दुसरा नसेल.