‘तपासतो आहोत’ या उत्तराने मुदत वाढत नाही

प्रश्न : जानेवारीत आमच्या नाशिक–दिल्ली विमानाला ओझरला पाच तास उशीर झाला. दिल्लीहून डेहराडूनचं वेगळं काढलेलं विमान चुकलं, चौघांची नवी तिकिटं घ्यावी लागली. काउंटरवर तांत्रिक बिघाड सांगितला, मेलमध्ये धुकं. कंपनी अजून ‘तपासतो आहोत’ एवढंच लिहिते. येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. भरपाई मिळेल का? (नाशिक रोड)

उत्तर : थंडी पडली की अशी पत्रं येतातच, आणि बहुतेकांत कळीची गोष्ट तुमच्यासारखीच शेवटी, ओघात लिहिलेली असते. दोन वर्षं! हवाई वाहतूक कायदा, 1972 च्या तिसऱ्या अनुसूचीतल्या नियम 35 नुसार, विमान मुक्कामी पोचलं किंवा पोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा लावला नाही, तर भरपाईचा हक्कच संपतो. देशांतर्गत प्रवासालाही ही अनुसूची काही फेरफारांसह लागू आहे. मुदत मोजायची ती प्रवासाच्या तारखेपासून, कंपनीच्या शेवटच्या मेलपासून नव्हे.

पावणेदोन वर्षं तुम्ही मेल-मेल खेळत बसलात. एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, हेल्पलाइनला फोन करा, वकिलाची नोटीस धाडा, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 मध्येही दोन वर्षंच आहेत. तिथे सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते हे खरं, पण ‘कंपनीच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण ग्राहक आयोगाला सबळ वाटेल, या भरवशावर राहू नका. आणि माफी मिळालीच, तरी समोरचा वकील नियम 35 पुढे करणारच. डिसेंबरमध्येच तक्रार दाखल करा.

दाखल नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येईल. तक्रारदार राहतो तिथला आयोग ग्राहक कायद्याच्या कलम 34 नुसार चालतो. तिकिटावर बारीक अक्षरांत दुसऱ्या शहराच्या कोर्टाचं नाव असलं तरी घाबरू नका. तिकिटांसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीही नाही.

आता पैशांचं. इंटरनेटवर वाचून लोक पाच, साडेसात, दहा हजारांचा तक्ता घेऊन येतात. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमांतला तो तक्ता विमान रद्द झालं तर आहे. नुसत्या उशिराला दोन तासांच्या आसपासच्या या मार्गावर दोन तासांनंतर चहा-खाणं, सहा तासांपुढे दुसरं विमान किंवा परतावा, असं चालतं. तुमचे पाच तास अधेमधेच अडकले. तेव्हा भिस्त हवाई वाहतूक कायद्याच्या त्याच अनुसूचीतल्या नियम 19 वर ठेवा. उशिराने झालेलं नुकसान कंपनीने द्यायचं, आणि शक्य ते सगळं केलं होतं हे सिद्धही तिनेच करायचं.

म्हणून ‘बिघाड की धुकं’ ही तफावत तुमच्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. धुक्यामुळे उशीर ही सेवेतली त्रुटी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटलंय. मात्र अडकलेल्या प्रवाशांची सोय बघावीच लागते, हेही त्याच निकालात आहे. काउंटरवरचं बोलणं कशात आहे? मेसेज, बोर्डाचा फोटो, काहीही शोधा. विमानतळावर पाच तास बसून पन्नास सेल्फी काढले असतील, त्यातल्या एखाद्यात मागचा फलक आला असेल.

डेहराडूनच्या तिकिटांचं छातीठोक सांगता येत नाही. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असते तर गोष्ट वेगळी होती. वेगळी तिकिटं काढून मध्ये किती वेळ सोडला होता, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. तीन तास असतील तर मागा, दीड असेल तर आशा कमी. मानसिक त्रासाचा आकडा माफक ठेवा. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. तुम्ही मात्र पुढचे दोनतीन हिवाळे धरून चाला.

आणि नवी तिकिटं मेहुण्याच्या कार्डावर काढली असतील, तर तक्रारदारांत त्यांचंही नाव घाला.