ऑनलाइन दुकानात १,२०० उत्पादनं आहेत, साइटमॅपही (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी) दिलाय, तरी गूगलमध्ये जेमतेम ३०० पानं. काय चुकतंय?

चार महिने झाले तरी नऊशे पानं बाहेरच आहेत, म्हणून रोज एकेका पानासाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' (हे पान गूगलच्या साठ्यात, म्हणजे इंडेक्समध्ये, घ्या अशी विनंती) दाबत बसता, असं तुम्ही लिहिलंय. ते आधी थांबवा. त्या बटणाला रोजची मर्यादा असते, आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवून ते रांगेत पुढे सरकत नाही.

सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलने दिलेलं साधन) 'पेजेस'चा रिपोर्ट उघडा. तिथे पान इंडेक्समध्ये नसण्याची दोन कारणं जुळ्या भावंडांसारखी दिसतात, पण दुखणी वेगळी. 'डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे गूगलला पत्ता ठाऊक आहे, पण बॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) अजून तिकडे फिरकलेला नाही. 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे तो येऊन, वाचून गेलाय आणि पान तूर्त ठेवलेलं नाही. पहिल्याचं मूळ बहुधा दुकानाच्या रचनेत सापडतं, दुसऱ्याचं मजकुरात. नऊशेपैकी कुठल्या खात्यात किती आहेत ते बघा, मगच कामाला लागा.

रचनेचं सांगतो, कारण त्यात माझे हात पोळलेत. मी एका दुकानाची साइट सांभाळायचो. वस्तू अवघ्या ६००. मालकाची तक्रार एकच: बॉट येतच नाही. सर्व्हरचा लॉग (कोण कुठलं पान उघडून गेलं याची नोंद) काढला तर बॉट रोज येत होता, ढिगाने पानं उघडत होता, फक्त नको ती. एका विभागात ४० वस्तू होत्या आणि फिल्टर होते ८ रंगांचे, ६ मापांचे, किमतीच्या ५ टप्प्यांचे. वर क्रम लावायचे ४ प्रकार. प्रत्येक फिल्टरमध्ये 'काहीच निवडलं नाही' हाही पर्याय धरा: ९ × ७ × ६ × ४ = १,५१२. चाळीस वस्तूंना दीड हजार पत्ते! दोन रंग एकदम निवडता येत असतील तर हिशेबच सोडून द्या. लॉगमध्ये साहेब 'निळा, मध्यम, स्वस्त आधी' वरून 'निळा, मध्यम, महाग आधी' वर, तिथून 'निळा, मोठा' वर असे हिंडत होते, आणि नव्या मालाची पानं आठवडाभर तशीच पडून होती.

गूगलच्या सांगण्याप्रमाणे क्रॉल बजेटची (बॉट एका साइटवर किती पानं वाचेल, त्या मर्यादेची) चिंता दहा लाखांहून जास्त पानांच्या, किंवा रोज बदलणाऱ्या दहा हजारांहून जास्त पानांच्या साइटनी करायची. तुमची १,२०० त्यात कुठेच बसत नाहीत. पण फिल्टर मोकाट सोडले की छोटं दुकानही तिथवर पोचतं.

मग मी अतिशहाणपणा केला. फिल्टरच्या पत्त्यांवर नोइंडेक्स (हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका, अशी पानातली खूण) लावला आणि त्याच दिवशी रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) तेच पत्ते बंद केले. वाटलं, दुहेरी कुलूप. पण दारच बंद केल्यावर बॉट पान उघडणार नाही, आणि आतला नोइंडेक्स त्याला दिसणार नाही! आधीच इंडेक्समध्ये शिरलेली बरीच पानं वर्णनाशिवाय तशीच लटकून राहिली. तेव्हा आत गेलेली पानं काढायची असतील तर नोइंडेक्स लावून दार उघडं ठेवा, ती गळली की मग रोबोट्समध्ये बंद करा. (नोइंडेक्स थेट रोबोट्सच्या फाइलमध्ये लिहायचा सल्ला जुन्या लेखांत अजून सापडतो, गूगलने ते १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केलंय.) कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांपैकी मुख्य कुठलं ते सांगणारा) जरूर लावा, पण तो हुकूम नव्हे, सूचना आहे, आणि ती वाचायलाही बॉटला पान उघडावंच लागतं.

रचनेत घोळ होण्याची दुसरी जागा म्हणजे 'आणखी दाखवा'चं बटण. गूगलबॉट बटणं दाबत नाही. विभागात आधी २४ वस्तू दिसत असतील तर पंचविसावीपासून पुढच्या सगळ्या साइटमॅपच्या भरवशावर. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये विभागाच्या पानाचा पत्ता टाका, गूगलला मिळालेलं एचटीएमएल (पानाचा कोड) उघडा आणि त्यात पंचविसाव्या वस्तूची लिंक शोधा. नसेल तर पान २, पान ३ अशा खऱ्या लिंका द्या. प्रत्येकाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे हवा. सगळे पहिल्या पानाकडे वळवू नका.

साइटमॅपमध्ये फार जीव अडकवू नका. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. त्यातली प्रायॉरिटी (पानाचं महत्त्व) आणि चेंजफ्रीक (पान किती वेळा बदलतं) गूगल बघतच नाही. लास्टमॉड (शेवटच्या बदलाची तारीख) बघतो, पण तारीख खरी असेल तरच. रोज रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख ठोकणारं प्लगइन असेल तर काढून टाका. बिंगसाठी इंडेक्सनाऊ (पान बदललं की सर्च इंजिनला लगेच कळवणारी सोय) जोडून द्या, गूगल ते वापरत नाही.

'क्रॉल्ड'च्या खात्यात जास्त पानं असतील तर औषध कडू आहे. उत्पादकाने दिलेलं वर्णन जसंच्या तसं चिकटवलंय का? तोच मजकूर माल विकणाऱ्या बाकी साइटवरही असतो, मग तुमचंच पान कशाला ठेवायचं? प्रत्येक रंगाला वेगळं पान आणि मजकूर तोच, असं असेल तर ती एका पानात गोळा करा. कदाचित तुमची १,२०० पानं मुळात ५०० च असतील.

त्या दुकानात फिल्टर आवरल्यावर लॉग निवळायला महिना लागला. मधल्या काळात रिपोर्टमधला 'नॉट इंडेक्स्ड'चा आकडा वाढला आणि मालकाचे फोनही. ती सगळी फिल्टरचीच पानं बाहेर पडत होती.