वाचकांचे प्रश्न : गाओकाओची इंग्रजी प्रश्नपत्रिका आणि शेजारची मुलगी

प्रश्न : पतीच्या नोकरीनिमित्त गेली तीन वर्षे आम्ही चीनमधील जिआंग्सू प्रांतात, सुझोऊ येथे राहतो. त्यापूर्वी नाशिकला मी अकरावी-बारावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवत असे. आमच्या शेजारची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, इथल्या भाषेत ‘गाओसान’ला आहे आणि येत्या जूनमध्ये ती विद्यापीठप्रवेशाची ‘गाओकाओ’ परीक्षा देणार आहे. इंग्रजीत तिला १५० पैकी शंभराच्या आसपास गुण पडतात, म्हणून तिच्या आईने मला मदत करण्याची विनंती केली. मी तीन आठवडे तिची व्याकरणाची उजळणी घेतली आणि तिच्याशी इंग्रजीत भरपूर बोलले. पण सराव परीक्षेतले गुण जागचे हललेले नाहीत. व्याकरणाचे नियम तर तिला माझ्यापेक्षाही चोख पाठ आहेत. मग चुकते कुठे, आणि उरलेल्या तीन-साडेतीन महिन्यांत मी नेमके काय करावे?
— एक वाचक, सुझोऊ

उत्तर : नियम चोख पाठ आहेत आणि तरीही गुण हलत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. प्रश्नपत्रिकेतील गुणांची विभागणी पाहिली की याचे कारण लगेच ध्यानात येते. जिआंग्सूमध्ये २०२१ पासून राष्ट्रीय पातळीवरच्या प्रश्नपत्रिकांपैकी ‘क्रमांक एक’ची प्रश्नपत्रिका वापरली जाते. दोन तासांच्या त्या प्रश्नपत्रिकेत श्रवणाला ३० गुण आहेत, वाचनाला ५० आणि लेखनाला ४०. उरलेल्या ३० गुणांपैकी १५ पर्यायांतून शब्द निवडून उतारा पूर्ण करण्याला आहेत आणि ज्याला आपण निव्वळ व्याकरणाचा प्रश्न म्हणू, त्याला फक्त १५. म्हणजे तुमच्या तीन आठवड्यांतला बराचसा वेळ दीडशेपैकी पंधरा गुणांवर खर्च झाला आणि त्या पंधरांतलेही बहुतेक गुण तिच्या पदरात आधीपासूनच असावेत. संभाषणाचे म्हणाल, तर या प्रश्नपत्रिकेत तोंडी परीक्षा नाही. तुमच्या गप्पांनी तिची भीड चेपली असेल आणि ते मोलाचेच आहे, पण गुणपत्रिकेत ते दिसणार नाही.

तरीही व्याकरणाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण मराठी भाषक म्हणून इथे तुमचा तिला विशेष उपयोग होऊ शकतो. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाचे अनेकवचन आपल्यासारखे होत नाही, आणि ‘तो’ व ‘ती’ या दोघांसाठी लिपीत चिन्हे वेगळी असली तरी उच्चार एकच, ‘ता’. त्यामुळे नियम विचारला तर ती बिनचूक सांगेल आणि त्यानंतर पाच मिनिटांनी गोष्ट लिहिताना भूतकाळातून वर्तमानकाळात घसरेल किंवा ‘शी’च्या जागी ‘ही’ लिहून जाईल. आपल्या क्रियापदांना काळ, लिंग, वचन सगळेच चिकटलेले असल्यामुळे ही चूक तुम्हाला निष्काळजीपणाची वाटण्याचा संभव आहे. ती तशी नाही. तिला पुन्हा नियम सांगू नका, तर लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटे केवळ क्रियापदांवर आणि सर्वनामांवर बोट ठेवून वाचण्याची सवय लावा. काही चुका मात्र तुम्ही आतून ओळखाल. आपल्या ‘जरी… तरी’सारखीच जोडी चिनी भाषेतही आहे, म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात ती पुढे ‘बट’ घालते, आणि आपल्याकडची मुलेही नेमके तेच करतात. उपपदे मराठीत नाहीत तशी चिनीतही नाहीत. ‘काल पुण्याहून आलेला मुलगा’ असे म्हणताना आपण सारे वर्णन नामाच्या आधी ठेवतो आणि चिनी भाषाही तेच करते. इंग्रजी मात्र मुलाला आधी उभे करून वर्णन मागून आणते. हा उलटा प्रवास तुम्ही स्वतः कधीतरी केलेला आहे, तो तिला करून दाखवा.

वाचनाच्या पन्नास गुणांत त्याचा थेट उपयोग होतो. चार उताऱ्यांपैकी पहिला बहुधा माहितीपत्रकासारखा, सोपा असतो. शेवटचे दोन मात्र विज्ञान, पर्यावरण किंवा समाजजीवनाविषयीच्या लेखांवर बेतलेले असून त्यांत नामामागे लांबलचक वर्णने लोंबकळत असतात. अशा वाक्यात मुख्य क्रियापद कोणते आणि ते कोणाचे, एवढेच तिला विचारा. एका बैठकीत एकच उतारा घ्या, पण प्रत्येक उत्तराला ‘हे कोणत्या ओळीवरून?’ असा प्रश्न करा, आणि चुकलेल्या पर्यायात नेमका कोणता शब्द खोटा आहे हेही तिच्याकडूनच काढून घ्या. चीनमधील विद्यार्थी चुकांची स्वतंत्र वही ठेवतात, तिचीही असेल. तिच्यात बहुधा केवळ बरोबर उत्तर उतरवलेले असते, म्हणून चूक का झाली याचे एक वाक्य तिथे लिहवून घ्या. सात वाक्यांतून पाच निवडून रिकाम्या जागी बसवण्याचा जो प्रश्न आहे, त्यात जागेच्या आधीच्या आणि नंतरच्या वाक्यातील सर्वनामे व जोडशब्द पाहिले की निम्मे काम होते.

आता ज्या प्रश्नावर तुम्ही सर्वाधिक वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते, त्याकडे येते. लेखनाच्या चाळीस गुणांपैकी पंचवीस एकाच प्रश्नाला आहेत. साधारण साडेतीनशे शब्दांची अपुरी गोष्ट दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची केवळ पहिली वाक्ये छापलेली असतात आणि सुमारे दीडशे शब्दांत गोष्ट पूर्ण करायची असते. २०१६ मध्ये झेजियांग प्रांतात हा प्रकार प्रथम आला आणि पुढे राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत स्थिरावला. आपल्याकडे ‘दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट पूर्ण करा’ असे असते, त्याच्याशी याचे नाते आहे. पण येथे बंधने पुष्कळ अधिक आहेत, आणि त्या बंधनांमध्येच उत्तराची दिशा दडलेली असते.

२०२४ च्या प्रश्नपत्रिकेतील गोष्ट पाहा. निवेदकाला व्हिएन्नाहून प्रागला जाणारी शेवटची बस गाठायची आहे. वादळामुळे विमानाला उशीर झाला आहे. गुंटर नावाच्या टॅक्सीचालकाला बसस्थानक ठाऊक नाही, तो मित्राला फोन करून रस्ता विचारतो आणि दोन मिनिटे शिल्लक असताना गाडी पोहोचवतो. तेव्हा निवेदकाच्या लक्षात येते की खिशात रोख रक्कम नाही. पोर्तुगालच्या बँकेचे कार्ड टॅक्सीतील यंत्र घेत नाही, आणि धावत जाऊन पाहावे तर स्थानकावरचे पैसे देणारे यंत्रही बंद. इथे गोष्ट थांबते. पहिल्या परिच्छेदाचे दिलेले वाक्य असे : ‘मी धावत गुंटरकडे परत गेलो आणि त्याला ती वाईट बातमी सांगितली.’ दुसऱ्याचे असे : ‘चार दिवसांनी व्हिएन्नाला परत आल्यावर, कबूल केल्याप्रमाणे मी गुंटरला फोन केला.’

बहुतेक मुले पहिला परिच्छेद पहिल्या वाक्यापासून पुढे लिहीत सुटतात. त्याऐवजी दुसऱ्या परिच्छेदाचे वाक्य आधी वाचायला लावा आणि त्यातून काय काय सिद्ध होते ते तिला विचारा. ‘कबूल केल्याप्रमाणे’ म्हणजे पहिल्या परिच्छेदात वचन दिले गेले पाहिजे. ‘फोन केला’ म्हणजे गुंटरचा क्रमांक निवेदकाकडे आला पाहिजे. ‘चार दिवसांनी परत आल्यावर’ म्हणजे तो त्या रात्री बसमध्ये चढला, अर्थात गुंटरने पैसे न घेता त्याला जाऊ दिले. एका वाक्यातून अख्खा पहिला परिच्छेद हाती आला. राहिला दुसरा. त्यात पैसे चुकते करणे तर आलेच, पण अनोळखी माणसावर गुंटरने जो विश्वास टाकला त्याचे काय, याचे उत्तर गोष्टीला द्यावे लागते. बसस्थानकावर गाडी थांबवून त्याने मागे वळून केलेले मोठे हसू मूळ मजकुरात आहे. ज्या विद्यार्थिनीला ते शेवटी पुन्हा आठवते, तिचा शेवट आपोआप मूळ गोष्टीला जोडला जातो. हे शिकवायला वेळ लागतो, पण मला तरी इंग्रजी शिकवण्यातला हा सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

यात एक मोठा अडथळा येईल. तिच्याकडे पाठ केलेल्या सुंदर वाक्यांचा साठा असणार : डोळ्यांत तरळणारे अश्रू, मावळत्या सूर्याचे सोनेरी किरण, छातीत धडधडणारे हृदय. आपल्याकडे गाईडमधले निबंध जसे कोणत्याही विषयाला चिकटवले जातात, तशी ही वाक्ये कोणत्याही गोष्टीत घातली जातात. ती फेकून द्या असे मी म्हणणार नाही, कारण परीक्षेच्या ताणात दोन-चार तयार वाक्ये आधार देतात. पण गुण देताना गोष्ट मूळ मजकुराशी जुळते का, तिचा धागा अखंड आहे का, हेही पाहिले जाते. सप्टेंबरमधल्या त्या थंड, पावसाळी रात्री सोनेरी किरण आले की वाचणाऱ्याला ते तत्काळ खटकते. प्रत्येक तयार वाक्यापाशी थांबून ‘इथे हे खरोखर घडेल का?’ एवढेच विचारत राहा. आठवड्याला अशी एकच गोष्ट लिहवून घ्या, तुम्ही खुणा करा आणि तीच गोष्ट तिला पुन्हा लिहायला सांगा. नव्या चार गोष्टींपेक्षा एकाच गोष्टीचे दुसरे लेखन अधिक शिकवते, असा माझा अनुभव आहे.

पंधरा गुणांचे पत्र तुलनेने सोपे आहे. ‘तू ली हुआ आहेस’ असे मानून परदेशी मित्राला किंवा शिक्षकांना सुमारे ऐंशी शब्दांत लिहायचे असते, आणि हा ली हुआ वर्षानुवर्षे चिनी विद्यार्थ्यांच्या इतका परिचयाचा झाला आहे की तुमच्या शेजारणीलाही तो आठवत असेल. सांगितलेला एकही मुद्दा सुटू नये आणि पत्र ज्याला लिहिले त्याला शोभेसे असावे, एवढे पुरे.

श्रवणासाठी तुमचा आवाज वापरू नका. मागील वर्षांच्या मूळ ध्वनिफितीच ऐकवा. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवले जातात, पुढचे दोनदा, म्हणून आवाज सुरू होण्याआधी प्रश्न वाचून ठेवण्याचा सराव हवा. अक्षराबाबतही सावध राहा. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, त्यामुळे तिथे गोलसर, सरळ उभे आणि सुटे अक्षर शिकवतात. हपै प्रांतातील शहरावरून त्याला ‘हंगश्वेई’ वळण म्हणतात. आपल्याला शाळेत घोटवलेले तिरके, एकमेकांना जोडलेल्या अक्षरांचे इंग्रजी वळण तिच्यावर लादू नका.

दोन व्यावहारिक गोष्टी. सकाळच्या सामूहिक वाचनापासून रात्रीच्या स्वाध्यायापर्यंत तिचा दिवस शाळेतच जातो. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा तासभर, याहून अधिक मागू नका. आणि मोबदला घेऊ नका. पतीच्या नोकरीमुळे मिळालेल्या कुटुंबीयांच्या निवास परवान्यावर काम करता येत नाही, शिवाय जुलै २०२१ पासून चीनमध्ये खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आहेत. शेजारची ‘आयी’, म्हणजे मावशी, म्हणून मदत करणे सर्वांत निर्धास्त. परीक्षेच्या दिवशीची एक सूचना तिच्या आईलाही आठवणीने द्या : इंग्रजीची परीक्षा ८ जूनला दुपारी ३ वाजता असली, तरी श्रवणाने सुरुवात होत असल्यामुळे पावणेतीननंतर कोणालाही आत सोडत नाहीत.

प्रश्न : चीनमध्ये प्रवेश परीक्षेतून इंग्रजी हद्दपार होत असल्याचे मी अनेकदा ऐकले आहे. ते खरे आहे काय?
— एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : नाही. २०१३ मध्ये बीजिंगने इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा आणि चिनी भाषेचे १८० करण्याचा मसुदा जाहीर केला होता, त्याची चर्चा आपल्याकडेही पोहोचली. तो अमलात आला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शांघायने प्राथमिक शाळांच्या सत्रअखेरच्या परीक्षांतून इंग्रजी वगळले, पण त्याचा गाओकाओशी संबंध नव्हता. आजही बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेला आहेत. इंग्रजीऐवजी जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश घेण्याची मुभा आहे, आणि इंग्रजीत मागे पडलेले काही विद्यार्थी शेवटच्या टप्प्यात जपानीकडे वळतात, कारण तिच्यातील अनेक चिन्हे त्यांच्या ओळखीची असतात. शांघाय आणि झेजियांगमध्ये तर परकीय भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते व त्यातले अधिक गुण धरले जातात. बीजिंगमध्ये आता दीडशेपैकी पन्नास गुण श्रवण आणि संभाषणाला असून ती परीक्षा संगणकावर घेतली जाते.