ग्लास पडला तेव्हा

प्रिय,

काल एकांकिका स्पर्धेच्या निकालानंतर भरत नाट्य मंदिराच्या पायऱ्यांवर तू विचारलंस, "सर, अभिनयाचं पारितोषिक नाही, म्हणजे मला जमतच नाही का?" तेव्हा मी नुसता उभा राहिलो. रात्रभर तेच डोक्यात होतं.

परीक्षकांवर रागावू नकोस. 2022 साली कॉलेजांच्या 'पुरुषोत्तम' एकांकिका स्पर्धेचा करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गदारोळ झाला! मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो.

तुझा आवाज, पाठांतर, सगळं चोख. पण तो ग्लास! बापाचं काम करणाऱ्या पोराच्या हातून स्टीलचा ग्लास सुटला, घरंगळत विंगेपर्यंत गेला. तिसऱ्या रांगेत मी दचकलो. तू नाही. ठरल्या जागी ठरलेला हुंदका दिलास. अगं, घरात बापाच्या हातून भांडं पडलं तर लेक वळून बघत नाही? तू ऐकतच नव्हतीस. आपलं वाक्य कधी येतंय, याची वाट बघत होतीस. ऐक गं! समोरचा बोलतो ते ऐक, गप्प राहतो तेही ऐक.

राज्य नाट्य स्पर्धेत मला रौप्यपदक मिळालं आणि माझे कान बंद झाले. एका प्रयोगात समोरचा नट दोन वाक्यं विसरला. त्याने न विचारलेल्या प्रश्नाला मी खणखणीत उत्तर दिलं. टाळी पडली. नंतर तो आरशापुढे खोबरेल तेलाने रंग पुसत बसला होता. एक शब्द बोलला नाही. पुन्हा माझ्याबरोबर कधी उभा राहिला नाही. आता तो नाही. माफी मागायची राहून गेली.

पुढे मी मालिका नाकारल्या. समोर माणूस नसताना क्लोजअप द्यायचे, मग ऐकायचं कुणाचं? लोक म्हणाले, संधी घालवलीस. मी काहीही घालवलेलं नाही.

विष्णुदास भावे पदकाचं स्वप्न तू मला सांगितलं होतंस. सांगलीत, रंगभूमी दिनाला, 5 नोव्हेंबरला देतात ते. पहिलं बालगंधर्वांना मिळालं. जरूर बघ स्वप्न. पण ते एका हुंदक्यावर मिळत नाही, जन्म घालावा लागतो. आणि तोवर? ऐकायचं.

रविवारी सकाळी घरी ये. त्या पोरालाही आण. ग्लास पडल्यापासून तो कुणाशी बोललेला नाही म्हणे. संहिता तो वाचेल. तू समोर बसायचं, एकही वाक्य म्हणायचं नाही.

तुझा,
सर