वर्कशॉपचे प्रश्न: लेसर वेल्डिंग, लेसर कटिंग आणि जुनी काळी काच

या वेळी लेसरवर इतके प्रश्न आले की कॉम्प्रेसर आणि लेथवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल, सॉरी. ज्या प्रश्नाची सगळ्यात जास्त काळजी वाटली तो आधी घेतो.

प्रश्न: आमचं एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंग आणि हॉटेल किचनच्या टेबलांचं काम आहे. आर्गन वेल्डिंगच्या जोडीला १५०० वॉटचं हँडहेल्ड लेसर वेल्डिंग मशीन घेतलंय. स्पीड भन्नाट आहे, जॉब वाकडा होत नाही, पॉलिशिंगचं काम निम्म्यावर आलं. वेल्डर जुनंच काळ्या काचेचं हेल्मेट घालतो, म्हणतो आर्कपेक्षा उजेड कमीच आहे आणि रात्री डोळे पण चुरचुरत नाहीत. मग चालेल ना? (भोसरी)

उत्तर: अजिबात नाही, आणि डोळे चुरचुरत नाहीत हीच तर भीतीची गोष्ट आहे. आर्कने डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं ते अल्ट्राव्हायोलेटमुळे, त्यात डोळ्याचा वरचा पडदा भाजतो, दुखतं खूप पण बहुतेक वेळा एक-दोन दिवसात बरं होतं. तुमच्या मशीनमधला लेसर फायबर लेसर, म्हणजे काचेच्या तंतूत तयार होणारा, त्याचा किरण साधारण १०७० ते १०८० नॅनोमीटरचा म्हणजे इन्फ्रारेड, तो दिसतच नाही त्यामुळे पापणी पण मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो गोळा करून सरळ मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका टिपक्यावर आणून सोडतं. रेटिनाला दुखणं कळत नाही. तिथे भाजलं की नजरेत काळा डाग, आणि तो डाग सहसा कायमचा. वेल्डरला जो उजेड दिसतो तो वितळलेल्या धातूचा, लेसरचा नाही, त्यामुळे उजेड कमी म्हणजे धोका कमी हा हिशोबच चुकीचा आहे.

अर्ध्या वॉटच्या वरचा कुठलाही लेसर क्लास ४ मध्ये येतो, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात, आणि तुमचा १५०० वॉटचा आहे. नुसता थेट किरणच नाही, चकचकीत एसएसवरून उडालेला पण डोळा घालवू शकतो. काळी काच आर्कसाठी बनवलेली असते, तिच्यावर लेसरचं रेटिंग नसतं. लेसरच्या गॉगलवर किंवा हेल्मेटच्या काचेवर कोणत्या नॅनोमीटरला किती ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किरण किती अडवते) ते छापलेलं असतं, १०७० च्या आसपासच्या पट्ट्यात ओडी ६ किंवा जास्त लिहिलेलं बघून घ्या (ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येतो). छापलेलं काहीच नसेल तर तो नुसता रंगीत प्लास्टिकचा चष्मा आहे, मशीनसोबत फुकट आला असेल तरी.

आणि फक्त वेल्डरला गॉगल देऊन भागत नाही बरं का. हेल्पर, बाजूच्या ग्राइंडरवरचा माणूस, चहा घेऊन आलेला पोरगा, ह्यांच्या डोळ्यांचं काय? मशीनला पत्र्याची बंद केबिन करा, दार उघडलं की लेसर बंद होईल असा स्विच लावा. जॉबला लावायचा तो क्लॅम्प असतो ना, नोझल जॉबला टेकल्याशिवाय ट्रिगर चालत नाही तो, बऱ्याच ठिकाणी लोक कटकट नको म्हणून तो क्लॅम्प सरळ नोझललाच चिकटवून ठेवतात, म्हणजे मशीनला नोझल कायम टेकल्यासारखंच वाटतं. असं कोणी करताना दिसलं तर मशीनची चावी काढून खिशात घाला. धुराचा एक्झॉस्ट पण हवा, एसएसच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचा विषारी प्रकार) असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो. लेसरची बीड (वेल्डची रेघ) दिसायला इतकी सुंदर येते की आत पेनिट्रेशन (धातू खोलवर वितळून जोडला जाणं) झालंय की नाही हे कोणी बघतच नाही. किरणाचा टिपका मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यामुळे फिटिंगमध्ये गॅप असेल तर आर्गनवाला रॉड घालून सांभाळून घेतो तसं इथे होत नाही, वॉबल (किरणाचं डावं-उजवं हलणं) वाढवून वरून झाकलं जातं आणि आत पोकळ राहतं. रेलिंगला माणूस टेकतो हो. प्रत्येक नव्या जाडीला एक सँपल मधून कापून बघा, व्हाइसमध्ये धरून वाकवून बघा आणि मगच माल सोडा.

प्रश्न: एमएसचे (माइल्ड स्टील) ३ मिमीचे ब्रॅकेट बाहेरून लेसर कट करून घेतो, मग सेव्हन टँक (कोटिंगआधी सात टाक्यांतून साफ करणं) करून पावडर कोटिंग. पृष्ठभागावर कोट मस्त बसतो पण कापलेल्या कडेवरून पापुद्रा निघतो. कोटिंगवाला कटिंगवाल्याकडे बोट दाखवतो आणि कटिंगवाला कोटिंगवाल्याकडे. (चाकण)

उत्तर: दोघांनाही थोडंथोडं ओरडा, पण जास्त दोष त्यांना तुम्ही काय सांगितलं नाही त्याचा आहे. एमएस बहुतेक ऑक्सिजनने कापतात. त्यात लेसर सगळं काम एकटा करत नाही, तापलेलं लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं आणि त्या जळण्याची उष्णता पण कापायला मदत करते, म्हणून कमी पॉवरमध्ये जाड प्लेट कापली जाते आणि गॅस पण थोडाच लागतो. पण जळल्यावर कडेवर ऑक्साइडचा करडा-काळा थर राहतो. पावडर त्या थराला घट्ट धरते, थर मात्र लोखंडाला धरत नाही, दणका बसला की दोघं मिळून निघतात. सेव्हन टँकमधलं डीरस्टिंग साध्या गंजासाठी ठेवलेलं असतं, हा थर त्यात पूर्ण निघेलच असं नाही.

३ मिमीला सरळ उपाय म्हणजे नायट्रोजनने कापून घ्या. त्यात काही जळत नाही, लेसर वितळवतो आणि १०-१५ बारच्या प्रेशरने गॅस ते खाली उडवतो, कड पांढरी चकचकीत येते. रेट जास्त लागेल कारण नायट्रोजन ढिगाने जातो. तोच ऑक्सिजन ठेवायचा असेल तर कडा ब्रशिंग किंवा डीबरिंग मशीनवर घासून घ्या, त्यात धारदार कोपरा पण थोडा गोल होतो आणि ते कोटिंगला चांगलंच, धारेवर पावडर नेहमी पातळ बसते. हल्ली बरेच जण कॉम्प्रेसरच्या हवेने कापून देतात, स्वस्त पडतं, पण हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहेच, त्यामुळे आधी दहा पीस कोट करून ठोकून बघा. आणि पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) गॅसचं नाव लिहा! नुसतं 'लेसर कट' लिहिलं की समोरचा त्याला परवडेल तेच करणार.

प्रश्न: जून आला की आमच्या लेसर कटिंग मशीनची प्रोटेक्शन ग्लास (लेन्सच्या पुढची काच) पटापट जाते, मागच्या पावसाळ्यात सोर्समध्ये (लेसर तयार करणारा भाग) पण अलार्म आला. सर्व्हिसवाला म्हणतो एसी लावा. खरंच गरज आहे की खर्च वाढवतोय? (रत्नागिरी)

उत्तर: खरंच गरज आहे, कोकणात तर आहेच. हवा ३० डिग्री आणि ह्युमिडिटी ८० टक्के असेल तर दवबिंदू येतो साधारण २६ डिग्रीला. म्हणजे चिलरचं (मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी २२-२३ वर सेट असेल तर ज्या ज्या भागातून ते पाणी फिरतं तिथे बाहेरून दव धरणार, फ्रीजमधल्या बाटलीला धरतं तसंच. फरक एवढाच की इथे ते दव लेन्सवर आणि सोर्सच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर धरतं आणि त्यावर किलोवॉटमधला लेसर पडतो.

सोर्सला स्वतंत्र बंद खोली किंवा केबिन आणि एसी करा, अख्ख्या शेडला नको. चिलरचं तापमान कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत राहून पावसाळ्यात वर घ्या, कटिंग हेडचं पाणी सहसा वेगळ्या सर्किटमध्ये थोडं गरम ठेवायची सोय असते ती वापरा. सकाळी आधी एसी, अर्ध्या-एक तासाने चिलर, मग लेसर. काम संपल्यावर चिलर चालू ठेवून घरी जाऊ नका. ग्लास पटापट जाण्यात तुमच्या कॉम्प्रेसरचा पण हात असू शकतो, हवेने कापत असाल तर ड्रायर आणि ऑइल फिल्टर तपासा, तेलाचा एक थेंब काचेवर गेला की तो तिथेच जळतो.

प्रश्न: जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याचा लॅप जॉइंट (एकावर एक ठेवून जोड) लेसरने करतो तर बीडमध्ये भोकंच भोकं. पॉवर कमी-जास्त करून झाली. (कोल्हापूर)

उत्तर: पॉवरचा प्रश्नच नाही हा. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं आणि स्टील वितळतं १५०० च्या आसपास, म्हणजे स्टील वितळायच्या आधीच दोन पत्र्यांच्या मधल्या जस्ताची वाफ झालेली असते आणि तिला बाहेर पडायला एकच रस्ता, तुमच्या वितळलेल्या बीडमधून. पत्रे जितके घट्ट दाबाल तितकं वाईट. मध्ये ०.१ ते ०.२ मिमी गॅप ठेवा, कार बनवणारे त्यासाठी एका पत्र्यावर बारीक उंचवटे पाडून घेतात, तुम्ही जॉइंटच्या जागेचं जस्त आधी घासून काढलं तरी चालेल. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. गूळ खा म्हणजे काही होत नाही असं सगळीकडे सांगतात, गुळाने ताप थांबत नाही, एक्झॉस्टने थांबतो.

प्रश्न: लेसर कटिंगचा शोध बारामतीच्या माणसाने लावला असं सरांनी सांगितलं, खरं आहे का? (डिप्लोमाची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: अर्धं खरं, पण ते अर्धं भारी आहे. सी. कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपी कॉलेजात, मग अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९६४ ला त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. त्या लेसरवर ऑक्सिजनचा झोत जोडून पत्रा कापून दाखवला तो इंग्लंडमध्ये, वेल्डिंग इन्स्टिट्यूटच्या पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी १९६७ मध्ये, ३०० वॉटच्या लेसरवर. शीट मेटल कटिंगमध्ये पुढे कित्येक वर्षं सीओटूचंच (कार्बन डायऑक्साइड लेसरचंच) राज्य होतं, फायबर लेसर आले तेव्हा कुठे ते मागे पडलं, कारण फायबर विजेचा ३०-४० टक्के भाग लेसरमध्ये बदलतो आणि सीओटू जेमतेम दहा.

प्रश्न: साइनबोर्डसाठी सीओटू मशीनवर ॲक्रिलिक कापतो, गिऱ्हाईक पीव्हीसी फोम शीट पण कापून मागतंय. (नाशिक)

उत्तर: नका कापू. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, दमट हवेत त्याचं ॲसिड होतं, तुमच्या फुफ्फुसाला तर त्रास आहेच वर मशीनच्या रेल आणि बेअरिंग गंजतात. पीव्हीसी राउटरवर (फिरत्या कटरच्या मशीनवर) कापून द्या. शीट कशाची आहे ते कळत नसेल तर तांब्याची तार लाल करून तुकड्याला टेकवा आणि तीच तार परत ज्योतीत धरा, ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ही टेस्ट उघड्यावर करा, वास घेत बसू नका.